पेशवाईनंतरचे शाहीर

खडकीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. पुढील जून महिन्यांत दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला व सालीना आठ लाखांची नेमणूक पत्करून ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. राज्य गेल्यामुळें सरदारांचें काय झालें, शिलेदारांच्या घोड्यांस दाणावैरण कोठून मिळेनाशी झाली, सावकारांचे पैसे कसे बुडाले, याची चर्चा इतिहासकारांनीं पुष्कळ केली आहे. परंतु त्या राज्याबरोबर आणखी एका वर्गाचा आधार तुटला. डफ-तुणतुण्यावर पराक्रम गाणाऱ्या शाहिरांचा हा वर्ग. ज्याचें गाणें गावयाचें तो वीर गेला, ज्याच्यापुढें गावयाचें तो दरबार गेला आणि ज्या मोहिमेंतून नवा विषय मिळावयाचा ती मोहीमही गेली. हें सारें एका वर्षाच्या आंत घडलें. हातांत डफ होता, गळा शाबूत होता, शब्दही सुचत होते. मग रचावयाचें तें काय, हा प्रश्न त्या दिवशीं शाहिरापुढें उभा राहिला. पुढील दीडशें वर्षांत त्याला निरनिराळीं उत्तरें मिळालीं, आणि त्या उत्तरांचा इतिहास हाच मराठी वीरगीताचा पुढला इतिहास होय.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोवाडा म्हणजे जुन्या वैभवाची आठवण, अशी आज अनेकांची समजूत असते. मूळची वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. अफझलखानाचा वध १६५९ च्या नोव्हेंबरांत झाला. त्यावरील अगिनदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना मानला जातो, आणि तो जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला अशी परंपरा आहे. सिंहगड १६७० च्या फेब्रुवारींत सर झाला. तुळशीदासानें तो प्रसंग गायिला. खर्ड्याची लढाई १७९५ च्या मार्चमधली. ती गाणारे शाहीर त्याच पिढीचे होते. म्हणजे पोवाडा हा त्या त्या काळचा ताजा वृत्तान्त असे. मराठींतलें पहिलें वृत्तपत्र ‘दर्पण’ हें १८३२ च्या जानेवारींत निघालें. त्यापूर्वीं लढाईची हकीकत खेडोपाडीं पोंचविण्याचीं जीं थोडीं साधनें होतीं, त्यांत शाहिराचा डफ हें एक महत्त्वाचें साधन होतें.

या वृत्तान्ताची घडणही त्याच्या कामास साजेशी होती. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कडवें उचली. मागें उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ म्हणत त्याची झील धरीत. तेवढ्या अवधींत शाहिरास दम घेतां येई आणि पुढची ओळ जुळवितां येई. गोंधळी गात तेव्हां संबळाची साथ असे. रचना घट्ट वृत्तांत बांधलेली नसे. प्रसंग शांत असला म्हणजे ओळी संथ चालत; हातघाईवर आलें म्हणजे त्या गद्याच्या कडेनें धांवूं लागत. मध्येंच सरदारांच्या नांवांच्या लांबलचक याद्या येत. आजच्या वाचकाला त्या कंटाळवाण्या वाटतात. परंतु समोर बसलेल्या माणसाच्या कानीं आपल्या गांवच्या किंवा आपल्या घराण्याच्या धन्याचें नांव पडलें म्हणजे तो सरसावून बसे. ती यादी म्हणजे श्रोत्यास दिलेला मान असे, आणि सांगितलेल्या हकीकतीची साक्षही असे.

पेशवाईच्या उत्तरकाळांत हा धंदा भरभराटीस आला होता. या मंडळींत सर्व थरांतील माणसें होतीं. अनंत फंदी संगमनेरचा व राम जोशी सोलापूरचा, दोघेही ब्राह्मण. होनाजी जातीनें गवळी. त्याच्या रचना बाळा कारंजकर गाई आणि म्हणून त्या जोडीचें ‘होनाजी-बाळा’ हें एकच नांव रूढ झालें. परशराम हा सिन्नरजवळच्या बावी गांवचा शिंपी. सगनभाऊ जेजुरीचा मुसलमान. त्याचा धंदा शिकलगाराचा. प्रभाकर कोंकणांतल्या मुरुडचा दातार, पुण्यास येऊन राहिलेला. यांतील बहुतेक शाहीर लावणी आणि पोवाडा हे दोन्ही प्रकार हाताळीत. शृंगाराची लावणी रात्र रंगवी व पोवाडा तिला वजन देई. एकाच फडांत दोघांची जागा होती.

राज्य बुडालें तेव्हां अनंत फंदी अगदीं वृद्ध होता. दुसऱ्याच वर्षीं तो वारला. राम जोशी त्यापूर्वींच गेला होता. परंतु प्रभाकर, होनाजी आणि परशराम या तिघांनीं राज्य गेल्यानंतरचीं सुमारें पंचवीस वर्षें पाहिलीं. हा काळ थोडा नव्हे. नवें सरकार विद्येविषयीं अगदींच उदासीन होतें असेंही नाहीं. पेशव्यांच्या काळीं विद्वानांस दक्षिणा वांटली जात असे. तिच्याच निधींतून एल्फिन्स्टननें १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. शास्त्रीपंडितांस या रीतीनें नव्या राज्यांत थोडी तरी जागा मिळाली. पण हा निधि शास्त्रांसाठीं होता. डफ-तुणतुण्याचा त्यांत समावेश होण्याचें कारण नव्हतें. पंडिताची विद्या राज्यकर्ता बदलला तरी तीच राहते; नव्या धन्यापुढें तोच ग्रंथ उघडून बसतां येतें. शाहिरास ती सोय नव्हती. काल जो शत्रु म्हणून गायिला, त्याच्याच दरबारांत आज कोणता पोवाडा म्हणावयाचा?

या कोंडींतून निघालेलें पहिलें उत्तर प्रभाकर आणि सगनभाऊ यांनीं दिलें. त्यांनीं पराभवच गायिला. पेशवाईच्या अखेरीवर या दोघांच्याही रचना आहेत. मराठी शाहिरास पराभव गाणें अपरिचित नव्हतें. १७६१ च्या पानिपतावर पोवाडे झालेले आहेत. पण पानिपतानंतर थोरल्या माधवरावांनीं राज्याची घडी पुन्हा बसविली. त्यामुळें तें दुःख गातांनाही पुढें कांहीं आहे हा भरंवसा ऐकणाराच्या मनांत राहत असे. १८१८ नंतर तो भरंवसा उरला नव्हता. ज्याच्या सावलींत वाढलों, त्याच धन्याच्या पळापळीची हकीकत सांगावयाची, तिच्यांतले दोष झांकावयाचे नाहींत आणि तरी ती चाकराच्या जिव्हाळ्यानें सांगावयाची, हें काम विजयगीत रचण्याहून कठीण आहे. तें या शाहिरांनीं केलें, म्हणून त्यांचे हे पोवाडे केवळ रडगाणीं झाले नाहींत. डोळ्यांसमोर जें घडलें तें गावयाचें, हा आपल्या धंद्याचा मूळचा नियम त्यांनीं अखेरपर्यंत पाळला.

पुढच्या पिढीस मात्र डोळ्यांसमोर घडणारें असें कांहीं दिसेना. फड चालू राहिले, जत्रेखेत्रेंत तमाशे उभे राहत, लावणीची मागणी कमी झाली नाहीं. पण पोवाडा हळूहळू पाठांतराचा विषय झाला. बापानें शिकविलेला पोवाडा मुलगा म्हणे, आणि त्यांत नवी भर पडेनाशी झाली. वीररसाच्या ओढीचा धोका प्रथम येथें दिसूं लागतो. श्रोत्यांस गेलेले दिवस हवे होते, गायकासही तेच हवे होते. उभयतांचें समाधान जुन्या गाण्यानें होत होतें, मग नवें रचण्याचे कष्ट कोणी घ्यावे?

हे कष्ट १८६९ सालीं जोतीराव फुले यांनीं घेतले. शिवाजीमहाराजांवरचा त्यांचा आठ भागांचा पवाडा त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. विषय दोनशें वर्षांपूर्वींचा. पण जुन्याची नुसती आळवणी त्यांत नाहीं. हा राजा कोणाचा, त्याच्या राज्यासाठीं कोणाचें रक्त सांडलें आणि त्या वंशजांची आज काय दशा आहे, हे प्रश्न फुल्यांस विचारावयाचे होते. कुणबी, माळी, महार, मांग अशा लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून आपण त्यांत मोठाले संस्कृत शब्द घातले नाहींत, असें त्यांनीं प्रास्ताविकांत सांगितलें आहे. त्यांनीं मांडलेल्या इतिहासाविषयीं मतभेद पुष्कळ झाले व पुढेंही होतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. अर्धशतक थंडावलेल्या रचनाप्रकारास त्यांनीं पुन्हा वर्तमानकाळाशीं जोडून दिलें. भूतकाळांतील वीर निवडून त्याच्या तोंडून आजचा वाद मांडावयाचा, हा मार्ग त्यांनीं मोकळा केला.

दुसरा मार्ग संग्रहाचा. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यास या गीतांचा छंद लागला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें त्यानें गोंधळ्यांकडून व इतर गाणारांकडून पोवाडे मिळविले आणि १८९१ सालीं ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांतील निवडक पोवाड्यांचें ॲक्वर्थनें केलेलें इंग्रजी भाषांतर १८९४ सालीं निघालें. पुढें यशवंत नरसिंह केळकर यांनीं हेंच काम अधिक कसोशीनें केलें. त्यांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’ या संग्रहाचा पहिला भाग १९२८ सालचा आहे. हे संग्रह झाले नसते तर आज कितीतरी रचनांचें नांवही उरलें नसतें. ज्या राज्याचे शेवटचे सैनिक पराभूत केले, त्याच राज्याचीं वीरगीतें त्याच सत्तेच्या एका अधिकाऱ्यानें जतन करावीं, ही इतिहासांतली एक चमत्कारिक परतफेड म्हणावी लागेल.

तथापि संग्रहाची किंमत एका परीनें गीतासच द्यावी लागते, आणि हें केवळ मराठींतच घडलें असें नाहीं. मिल्मन पॅरी नांवाचा हार्वर्डचा एक ग्रीकचा अध्यापक १९३३ ते १९३५ या वर्षांत युगोस्लाव्हियांत जाऊन तेथील वीरगीतें ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित करीत होता. होमरचीं काव्यें कशीं निर्माण झालीं असावींत, हें त्यास जिवंत गायकांकडून शिकावयाचें होतें. तेथें त्यास अव्दो मेजेदोविच हा निरक्षर शेतकरी भेटला. त्यानें बारा हजार ओळींहून अधिक लांबीचें एक गीत सांगितलें. पॅरी आणि त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांस जें आढळलें तें असें: असा गायक पाठ केलेलें म्हणत नाहीं; ठराविक शब्दसमूह आणि ठराविक प्रसंग त्याच्या हाताशीं असतात आणि त्यांच्या आधारें तो प्रत्येक वेळीं गीत नव्यानें रचतो. गाणें आणि रचणें या त्याच्या दृष्टीनें दोन क्रिया नाहींत. छापलेलें गीत एकदां प्रमाण ठरलें म्हणजे मात्र गायकाचें स्वातंत्र्य आटतें. तो रचणारा राहत नाहीं, म्हणणारा होतो.

पोवाड्याचेंही असेंच झालें. कागदावर शब्द उतरले. पण डफाची थाप, झीलकऱ्यांचा जोर आणि मध्येंच थांबून केलेलें निवेदन कागदावर उतरलें नाहीं. शिवाय छापलेला पोवाडा इतिहाससंशोधकाच्या टेबलावर आला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी व पोवाडे घांसून पाहण्याचें युग सुरू झालें. शाहिरानें फौजेचा आंकडा फुगविला, तारीख चुकविली, दोन प्रसंग एकत्र केले, अशा चुका निघूं लागल्या. संशोधनाच्या दृष्टीनें हें अवश्य होतें. पण जो शाहीर एके काळीं बातमी देत होता, तो आतां साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला, आणि उलटतपासणींत पडेल साक्षीदार ठरला. शिकलेल्या माणसास पोवाड्याविषयीं प्रेम राहिलें, परंतु त्या प्रेमांत थोडी कींव मिसळली.

इतक्यांत राजकारणानें पोवाड्यास पुन्हा हात दिला. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें १८९६ सालीं रायगडावर शिवोत्सव साजरा झाला आणि मेळ्यांतून, उत्सवांतून वीरगीतांस नवे श्रोते मिळाले. नाशकास मित्रमेळ्याच्या मंडळींत विनायक दामोदर सावरकर यांनीं सिंहगडावर आणि बाजी प्रभूवर पोवाडे रचले. पायांनीं पंगु असलेल्या कवि गोविंदांनीं अफझलखानाच्या वधावर रचला. विषय सर्व जुनेच. पण सरकारास ते जुने वाटले नाहींत. गणेश दामोदर सावरकर यांनीं ‘लघु अभिनव भारतमाला’ या नांवानें छापलेल्या कवितांबद्दल १९०९ सालीं त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या कवितांत देवादिकांचीं आणि जुन्या वीरांचीं नांवें होतीं. न्यायालयानें त्यांचा अर्थ तत्कालीन राज्याविरुद्धची चिथावणी असा लावला. भूतकाळाचें गाणें हें निरुपद्रवी रंजन आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा निकाल ध्यानांत ठेवावा. ऐकणाराच्या मनांत वर्तमानकाळ जागा असला, तर शिवकालीन पोवाडाही आजचा होतो.

सत्यशोधक चळवळीच्या जलशांनीं आणि १९३० नंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. त्यांनीं तमाशाचा जुना सांचा घेतला. मात्र गण-गौळणीच्या जागीं शिक्षण, सावकारी, अस्पृश्यता हे विषय आणले. रणांगण बदललें. तलवार घेऊन किल्ल्यावर चढणारा मावळा हाच केवळ वीर, ही कल्पना मागें पडली आणि पाणवठ्यावर पाय रोंवून उभा राहणारा माणूसही वीर ठरूं लागला.

या सर्व धाग्यांची गांठ अण्णा भाऊ साठे यांच्या आयुष्यांत पडते. त्यांचा जन्म १९२० सालचा, वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचा, मांग जातींतला. शाळेचें शिक्षण नांवालाही झालें नाहीं. मुंबईंत येऊन त्यांनीं गिरणींत मजुरी केली आणि अक्षरें तेथेंच आपलीशीं केलीं. १९४३ च्या आरंभीं स्टालिनग्राडची लढाई संपली; त्याच वर्षीं अण्णा भाऊंचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ आला. हजारों मैलांवरच्या, कधीं न पाहिलेल्या शहराचा संग्राम मुंबईच्या कामगारवस्तींत डफावर गायिला गेला. तो कोणत्या राजकीय मतांतून आला, हा प्रश्न वेगळा. रचनेच्या दृष्टीनें पाहिलें तर अगिनदासानें जें केलें तेंच त्यांनीं केलें: आजची लढाई आजच गायिली. १९४४ सालीं त्यांनीं अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारलें. बार्शीचे अमर शेख पुढें आणि त्यांच्या पहाडी आवाजास झील देणारे कामगार मागें, हें दृश्य पाहतांना जेजुरीच्या सगनभाऊची आठवण व्हावी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत, १९५६ पासून १९६० च्या १ मेपर्यंत, या शाहिरांनीं मैदानेंच्या मैदानें भरविलीं आणि जागीं ठेविलीं.

पण रचना चालू ठेवणें म्हणजे काय, हें अण्णा भाऊंच्या आयुष्याच्या उत्तरार्धांत अधिक स्पष्ट दिसतें. लढा संपला, मैदानें ओसरलीं, कलापथकाची मंडळी पांगली. १८१८ सालीं जो प्रश्न प्रभाकरापुढें होता, तोच निराळ्या रूपांत त्यांच्यापुढें आला. त्यांनीं डफाच्या बरोबरीनें लेखणी धरली. आपल्या मुलखांतल्या, आपल्या जातींतल्या एका बंडखोराची कथा त्यांनीं ‘फकिरा’ या कादंबरींत सांगितली. ती १९५९ सालीं प्रसिद्ध झाली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण झाली आणि १९६१ सालीं राज्य शासनाच्या पारितोषिकास पात्र ठरली. दुष्काळांत भुकेल्या माणसांसाठीं धान्य लुटणारा हा नायक जुन्या पोवाड्यांत कोठें बसला नसता, आणि तरीही त्या कादंबरीची चाल पोवाड्याची आहे. पारितोषिकानें दारिद्र्य मात्र फिटलें नाहीं. गोरेगांवच्या एका लहानशा घरांत ते लिहीत राहिले, आणि १९६९ च्या जुलैंत तेथेंच वारले. पुढच्याच महिन्यांत अमर शेखही अपघातांत गेले.

या दीडशें वर्षांवरून एकच गोष्ट पुनःपुन्हा ध्यानांत येते. वीरकाव्याची ओढ ही स्वतः वाईट नाहीं. ती नसती तर फुल्यांस विषय मिळाला नसता, शाळिग्रामांनीं पायपीट केली नसती आणि वाटेगांवच्या मुलास डफ हातीं घ्यावासा वाटला नसता. पण ही ओढ ज्यास तृप्त करते त्याचा झरा आटतो, आणि ज्यास अस्वस्थ करते तोच रचूं लागतो. शिवजयंतीस फेटा बांधून अफझलखानाचा पोवाडा म्हणणारीं मुलें आजही शाळाशाळांतून दिसतात, आणि त्यांच्या आवाजांत कस असतो. त्यांस तो पोवाडा शिकविला पाहिजे यांत शंका नाहीं. त्याबरोबर एवढेंही सांगितलें पाहिजे कीं, अगिनदासानें तो रचला तेव्हां तो इतिहास नव्हता. नुकतीच प्रतापगडाखालीं घडलेली हकीकत होती, आणि ती सांगण्यासाठीं शब्द त्याला स्वतःलाच शोधावे लागले होते. हें ज्या मुलास उमगेल, त्यास जुना पोवाडा म्हणून झाल्यावर डफ खालीं ठेवावासा वाटणार नाहीं.